शोकांत हिंदी प्रेमपटाचं रसग्रहण कसं लिहायचं: 'एक दूजे के लिए' समोर ठेवून, पायरीपायरीने

शोकांत प्रेमपटावरचे बरेचसे लेख एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात. आधी दीड पान गोष्ट, मग 'अभिनय अप्रतिम', मग 'गाणी अजरामर', आणि शेवटी 'डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही'. आता वाचणाऱ्याने यातून घ्यायचं काय? गोष्ट त्याला माहिती आहे, गाणी पाठ आहेत आणि रडू त्यालाही आलेलं आहे, सिनेमा चांगला का आहे एवढंच सांगायचं राहून गेलं. लिहिणाऱ्याला समज नसते असं नाही हो, कामाचा क्रम चुकतो. सिनेमा संपल्या संपल्या लिहायला बसतात, गोष्टीच्या सुरुवातीपासून लिहायला घेतात, आणि शेवटाला पोचेपर्यंत दमतात. शोकांतिकेत तर सगळी मेख शेवटात असते.

म्हणून खालचा क्रम. उदाहरणाला के. बालचंदर यांचा १९८१ चा 'एक दूजे के लिए' घेतलाय, कमल हासन आणि रती अग्निहोत्रीचा. गोव्यात शेजारी राहणारी दोन बाहेरची कुटुंबं, एक तमिळ, एक हिंदीभाषक. पोरगा वासू, पोरगी सपना, दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही, आईबापांचं एकमेकांशी पटत नाही. हाच का, तर यात गुण भरपूर आहेत, दोषही भरपूर आहेत आणि दोन्ही एकमेकांत असे गुंतलेत की सरावाला यापेक्षा बरा सिनेमा मला तरी सुचत नाही. शेवट पुढे उघड होणार आहे, बघितला नसेल तर आधी बघून या.

बसण्याआधीची तयारी

सिनेमा पूर्ण लांबीचा आहे का ते आधी बघा. जुन्या सिनेमांच्या टीव्हीवर दाखवलेल्या कापलेल्या आवृत्त्या नेटवर पडलेल्या असतात, त्यात गाणी उडवलेली असतात किंवा मधले छोटे सीन गायब असतात. 'हे पात्र अचानक कुठून आलं' असं लिहून मोकळे व्हाल आणि चूक दिग्दर्शकाची नसेल, कात्रीची असेल.

वहीत तीन रकाने पाडा: वेळ, काय दिसलं किंवा ऐकू आलं, मला काय वाटलं. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. 'आईने फोटो जाळला' हे दुसऱ्या रकान्यात, 'अंगावर काटा आला' हे तिसऱ्यात. लेख लिहिताना दुसरा रकाना पुरावा म्हणून लागतो, तिसरा नुसता दिशा दाखवतो.

दुसऱ्यांची परीक्षणं आत्ता वाचू नका. एकदा का कुणाचं 'भाषेच्या भिंती ओलांडणारं प्रेम' डोक्यात बसलं की तुम्हाला सिनेमाभर तेवढंच दिसत राहतं.

सावध: श्रेयनामावली वगळून पुढे जाऊ नका. छायाचित्रण, संकलन, संवाद कुणाचे ते पडद्यावरून उतरवून घ्या, आठवणीवर विसंबून लिहिलेली नावं हमखास चुकतात.

पायरी १: पहिल्यांदा नुसता बघा

हातात पेन नको. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एका बैठकीत बघा, कारण शोकांतिकेचा परिणाम साचत जाणारा असतो, तीन रात्रींत तुकडे करून बघितला तर तो साचतच नाही आणि मग लोक लिहितात 'शेवट एकदम अंगावर येतो'. येणारच, तुम्ही मधली रात्र झोपून काढली ना!

सिनेमा संपला की मग वही घ्या आणि आठवतात ते पाच क्षण लिहा. क्रम लावू नका, जसे आठवतील तसे.

तपासा: पाचही क्षण गाण्यांतले किंवा शेवटच्या पंधरा मिनिटांतले आहेत का? मग तुम्हाला सिनेमाची कीर्ती आठवतेय, सिनेमा नाही. मधल्या भागातला निदान एक क्षण आठवेपर्यंत पुढे जायचं नाही. 'एक दूजे के लिए'मधला माझा तो क्षण म्हणजे राखेचा. आई वासूचा फोटो जाळते आणि सपना ती राख चहात मिसळून पिऊन टाकते. भडक आहे, पण मुलीचा हट्ट आणि हतबलता दोन्ही एका कपात येतात, त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

पायरी २: शेवटापासून मागे या

ही पायरी ९० टक्के लोक गाळतात आणि लेख तिथेच फसतो, त्यामुळे इथे वेळ घालवा.

कागदाच्या तळाशी शेवट लिहा. त्याच्या वर लिहा, हे का झालं? त्याच्या वर, ते का झालं? असं करत करत गोष्टीच्या सुरुवातीला पोचा. मग प्रत्येक कारणापुढे दोनपैकी एक खूण करा. माणसाने स्वतः घेतलेला निर्णय असेल तर 'नि', योगायोग असेल तर 'यो'. चांगल्या शोकांतिकेत 'नि' जास्त असतात, म्हणजे माणसं आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात आणि त्यातूनच घात होतो. 'यो' जास्त झाले की प्रेक्षक रडतो खरा, पण अपघात बघून रडतो तसा.

आता आपल्या सिनेमाला हे लावून बघा. शेवटी दोघं कड्यावरून उडी घेतात. का? दोघांवर हल्ला झालाय, वासूवर गुंडांचा, सपनावर बलात्काराचा. गुंड कुणी पाठवले? हैदराबादला वासूला भेटलेल्या संध्याच्या भावाने. का पाठवले? कारण वासू संध्याशी लग्नाला हो म्हणाला होता आणि आता सपनाकडे परत चाललाय, आणि मधे काय घडलं ते भावाला ठाऊक नाही. वासू हो का म्हणाला होता? सपना चक्रम नावाच्या दुसऱ्याच मुलाशी लग्न करतेय असं त्याच्या कानावर आलं आणि त्याने रागाच्या भरात, शहानिशा न करता, ते खरं मानलं. तो हैदराबादला होताच कशाला? कारण दोन्ही घरांनी अट घातली होती, एक वर्ष भेटायचं नाही, संपर्क ठेवायचा नाही, वर्षानंतरही प्रेम टिकलं तर लग्न. आणि ती अट या दोघांनी मान्य केली होती.

खुणा करा. अट घालणं 'नि', मान्य करणं 'नि', वासूचा राग 'नि'. भावाला वेळेत न कळणं 'यो'. सपनावरचा हल्ला नेमका त्याच वेळी होणं, ठळक 'यो'.

बघा, लेखाचा सांगाडा इथेच हातात आला. वर्षभराच्या अटीपर्यंत आणि तिच्या परिणामांपर्यंत हा सिनेमा पक्का बांधलेला आहे, शेवटच्या टप्प्यात मात्र दोन हल्ले एकाच वेळी आणून लेखकाने हात सोडलाय. हे वाक्य तुम्हाला 'अप्रतिम' आणि 'भडक' या दोन्ही शब्दांशिवाय लिहिता आलं.

अजून एक गोष्ट याच साखळीत सापडते आणि सरळ गोष्ट सांगत गेलात तर ती कधीच दिसणार नाही. वासूची मोठी अडचण काय, हिंदी येत नाही. हैदराबादेत तो हिंदी शिकतो. कुणाकडून? संध्याकडून. म्हणजे सपनापर्यंत पोचायला जी गोष्ट हवी होती ती मिळवतानाच तो दुसऱ्या एका बाईच्या आयुष्यात शिरतो, आणि तिथूनच त्याच्या मृत्यूची वाट सुरू होते. औषध घ्यायला गेला आणि दुखणं घेऊन आला म्हणतात ना, तसलं काहीतरी. माझ्या मते या पटकथेतली सगळ्यात धारदार गोष्ट हीच आहे आणि 'अमर प्रेमकथा' म्हणून लिहिलेल्या लेखांत तिचा पत्ताच नसतो.

सावध: साखळी बनवताना खलनायक शोधायला जाऊ नका. 'आईबापांमुळे झालं' लिहिलं की लेख संपला. यातले आईबाप हट्टी आहेत, पण वर्षाची अट वरवर बघता अगदी समंजस वाटते, आपल्याकडे आजही कितीतरी घरांत 'एक वर्ष थांबा, मग बघू' असंच सांगतात. समंजस वाटणाऱ्या गोष्टीतून नाश होतो म्हणूनच ती बोचते.

पायरी ३: दुसऱ्यांदा बघा, आता पेन घेऊन

आता थांबवत थांबवत बघा. साखळीत ज्यांच्यापुढे 'नि' लिहिलंय त्याच सीनवर जास्त वेळ द्या. त्या सीनमध्ये कॅमेरा कुणावर आहे, निर्णय घेणाऱ्यावर की ऐकणाऱ्यावर? पार्श्वसंगीत आहे की शांतता? सीन कुठे कापलाय? एवढे तीन प्रश्न पुरे. सगळ्या सिनेमाचं तांत्रिक विच्छेदन करायला बसाल तर वही भरेल आणि लेख अडकेल.

पायरी ४: गाण्यांचं काम तपासा

'लक्ष्मीकांत प्यारेलाल यांचं सुमधुर संगीत', हे वाक्य खोडा. सुमधुर आहे हे सगळ्यांना माहितीय. प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारा: हे गाणं काढलं तर गोष्टीत भोक पडेल का?

लिफ्टमधलं 'मेरे जीवन साथी' घ्या. आनंद बक्षींनी ते हिंदी सिनेमांची नावं एकापुढे एक ओवून लिहिलंय. गंमत म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात, पण ते गंमत म्हणून तिथे नाहीये. ज्या पोराला हिंदी येत नाही त्याच्याकडे हिंदीचा साठा असून असून काय असणार, सिनेमांची नावं! तो त्याच्याकडे होतं तेवढ्या भांडवलावर बोलतोय. हे गाणं काढा, वासूची धडपड निम्मी कमी होईल.

दुसरं, आवाज. कमल हासनसाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम गायले. त्यांच्या हिंदीला दाक्षिणात्य वळण होतं आणि संगीतकारांना सुरुवातीला त्याची शंका होती असं सांगितलं जातं, पण बालचंदर यांचं म्हणणं पडलं की पात्रच तसं आहे, मग आवाजही तसाच हवा. 'तेरे मेरे बीच में'साठी एसपींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या लेखात पुरस्कार नुसता टाकू नका, तो उच्चार पात्राला कसा बसला हे सांगा आणि मग पुरस्कार, एका ओळीत. हेच गाणं सिनेमात आनंदात येतं आणि दुःखातही येतं, दोन्ही वेळा गाण्यात काय बदललंय ते ऐकून लिहा, चाल तीच असली तरी वेग आणि वाद्यं बघा.

तपासा: गाण्याच्या ओळीच्या ओळी लेखात उतरवल्यात का? काढून टाका. अर्धा लेख गाण्यांनीच भरलेला असतो, त्यात लिहिणाऱ्याचं एक वाक्य सापडत नाही.

पायरी ५: अभिनयाला क्रियापद द्या

'कमल हासनने भूमिका जगली आहे' म्हणजे नक्की काय केलं? पात्राने हाताने, मानेने, आवाजाने काय केलं ते लिहा. वासूकडे शब्द कमी आहेत त्यामुळे कमल हासन पहिल्या भागात सगळं अंगाने बोलतो, धावतो, उड्या मारतो, नको तितका हलतो म्हणा हवं तर. हैदराबादच्या भागात तोच माणूस स्थिर होत जातो. हा फरक तुमच्या वहीतल्या वेळांसकट दाखवता आला की 'जगली' म्हणायची गरज उरत नाही.

नायक-नायिकेवर सगळी शाई संपवू नका. सपनाच्या आईचं काम शुभा खोटे यांनी केलंय. मेहमूदबरोबरच्या विनोदी भूमिकांमुळे ज्यांना आपण हसत हसत ओळखतो त्यांनाच इथे करड्या, टोचून बोलणाऱ्या आईच्या जागी ठेवलंय. मराठी वाचकासाठी लिहिताय तर ही निवड नजरेतून सुटता कामा नये. माधवीची संध्या पण तशीच. तिला गोष्टीत वापरून घेतलंय खरं, तरी तिने तिचा आब राखलाय.

पायरी ६: मूळ आणि रिमेक, तुलना कधी करायची

प्रत्येक लेखात तुलना हवीच असं नाही. पण केलीत तर आधी तथ्यं पक्की करा. 'एक दूजे के लिए' हा बालचंदर यांच्याच १९७८ च्या 'मरो चरित्र'चा रिमेक. तो सिनेमा तेलुगू होता, तमिळ नव्हे, आणि ही चूक इतके लोक करतात, कारण दिग्दर्शक तमिळ, नायक तमिळ, पात्रही तमिळ. तिथे नायिका सरिता होती आणि गोष्ट विशाखापट्टणमला घडत होती.

मग 'मूळ जास्त चांगला' असा निकाल देऊन थांबू नका, काय बदललं आणि त्याने काय झालं ते सांगा. मुळात तमिळ मुलगा आणि तेलुगू मुलगी, म्हणजे दोन शेजारच्या भाषा. हिंदीत हे अंतर खूप वाढलं. शिवाय जागा गोवा झाली आणि तिथे दोन्ही कुटुंबं उपरी, कोकणी दोघांच्याही घरात नाही. दोन परके लोक तिसऱ्याच्या अंगणात भांडतायत आणि अंगणाचा मालक मागे समुद्रासारखा नुसता दिसतो! गोव्याच्या वाचकांना हे खटकत असेल तर त्यात चूक काय, लिहा की.

सरावासाठी दुसरी जोडी हवी तर 'देवदास' घ्या. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या सिनेमात पारो आणि चंद्रमुखी रस्त्यात क्षणभर समोरासमोर येतात, एक शब्द बोलत नाहीत. २००२ मध्ये भन्साळींनी त्या दोघींना एकत्र नाचवलं. दोन दिग्दर्शकांना दुःख कुठे दिसतं, हे एवढ्या एका फरकावर दोन पानं लिहिता येईल. किंवा आपला 'सैराट' आणि 'धडक': एकात शेवटी आवाजच काढून घेतलाय आणि लहान मूल उरतं, दुसऱ्यात मरण कुणाला द्यायचं हेच बदललंय.

सावध: तुलना लेखाच्या पाव भागाच्या वर गेली की लेख दुसऱ्याच सिनेमाचा होतो.

पायरी ७: खटकलेलं लिहा, पण योग्य जागी

आवडत्या सिनेमाचे दोष लिहायला लोक घाबरतात, नाहीतर एकदम आजच्या चष्म्यातून झोडपून काढतात. दोष साखळीशी जोडा. सपनावरचा बलात्कार हा यातला सगळ्यात मोठा दोष मला वाटतो, आणि कारण फक्त 'आज असं दाखवणार नाहीत' हे नाही. त्या प्रसंगाला गोष्टीत मुळंच नाहीत. भाषा, घरं, अट, राग यातल्या कशातूनही तो आलेला नाही, तिलाही मरणाच्या दारात आणायचं होतं म्हणून आणलाय. बाईवरचा अत्याचार शेवट जुळवायचा खिळा म्हणून वापरलाय. असं लिहिलंत तर सिनेमाचा चाहताही वाद घालायला बसेल, उठून जाणार नाही.

पहिल्या भागातली मुलीच्या मागे मागे करणं, तेही लिहा, एका परिच्छेदात, आणि पुढे चला.

पायरी ८: शेवटाबद्दल लिहिताना हात आखडता घ्या

हे नुसतं शैलीचं नाही, जबाबदारीचं आहे. हा सिनेमा आल्यावर प्रेमी जोडप्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांशी त्याचं नाव जोडलं गेलं होतं. त्यामुळे 'मृत्यूनेच त्यांना एक केलं', 'प्रेम जिंकलं' असली वाक्यं नकोत. ती दोघं हरलीत, आणि सिनेमाचं म्हणणं तेच आहे. कसं मेले याचं वर्णन एका साध्या वाक्यात संपवा, मृत्यूला विशेषणं लावू नका. तरुण वाचक असलेल्या जागी लेख जाणार असेल तर खाली टेलिमानसचा १४४१६ हा मदतीचा नंबर द्यायला काहीच हरकत नाही.

तपासा: तुमचा शेवटाचा परिच्छेद एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या, घरी भांडण करून बसलेल्या पोराने वाचला तर त्याला तो मार्ग भारी वाटेल का? जरा जरी वाटत असेल तरी परत लिहा.

पायरी ९: आता लेख लिहा, आणि या क्रमाने

पहिला परिच्छेद: साखळीतून निघालेलं तुमचं एक म्हणणं. (आपल्या बाबतीत: वासूला सपनापर्यंत नेणारी भाषाच त्याला तिच्यापासून तोडते.) मग गोष्ट, चार ते पाच वाक्यांत, त्या म्हणण्याला लागेल तेवढीच. चक्रमचे विनोद त्यात येणार नाहीत, चालेल. मग दोन किंवा तीन सीन नीट उघडून, प्रत्येकात वहीतला दुसरा रकाना. गाणी आणि अभिनय वेगळ्या डब्यांत न टाकता याच सीनच्या आत. मग दोष. मग संपवा. लेखाचा शेवट 'प्रत्येकाने एकदा तरी पाहावा' असा करायचा मोह होईल, ते वाक्य लिहून झालं की खोडायचं.

पहिला खर्डा झाला की एक दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. 'अप्रतिम, अजरामर, काळजाला भिडणारा, सुंदर, निव्वळ' हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे थांबा आणि त्याजागी काय दिसलं ते लिहा. नावं आणि सालं परत एकदा श्रेयनामावलीशी ताडून बघा. आता दुसऱ्यांची परीक्षणं वाचायला हरकत नाही, कुणी तुमचंच म्हणणं आधी मांडलं असेल तर तुमचा सीन वेगळा घ्या.

शीर्षक सगळ्यात शेवटी द्या, आणि त्यात सिनेमाचं नाव आणि तुमचं म्हणणं दोन्ही येऊ द्या. गाण्याची ओळ शीर्षकाला लावू नका, त्याच ओळीचे शंभर लेख आधीच नेटवर आहेत आणि तुमचा त्यात सापडणार नाही.